कोकणातल्या घळीत हुडहुडी का भरते?

दिगूला कॅराबिनरचा, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीचा, स्क्रू फिरवता येईना. साधा स्क्रू, बाटलीच्या झाकणासारखा तीन-चार वेढ्यांत बंद होणारा. अंगठा आणि तर्जनी त्यावर टेकवायची, बोटं घसरायची, पुन्हा टेकवायची. चौथ्या खेपेला त्याने तो दातांनी फिरवायला घेतला, तेव्हा सुमेधाने दोर नंदूच्या हाती दिला आणि दिगूपाशी येऊन म्हणाली, "थांब. काही करू नकोस. आईचा मोबाइल नंबर सांग बघू."

"आता नंबर कशाला?" दिगू वसकन ओरडला. आजकाल कुणाचाच नंबर कुणाला पाठ नसतो, पण दिगूला आईचा असतो, कारण बोटीवर कायम दुसऱ्याच्याच फोनवरून घरी बोलावं लागतं. त्याने नंबर सांगायला सुरुवात केली आणि सहाव्या आकड्याला अडखळला.

डिसेंबरचा पहिला आठवडा, दुपारचे साडेबारा. खाली किनाऱ्यावर, गुहागरला, त्याच घटकेला लोक शहाळं हातात घेऊन सावली शोधत असणार. कोकणपट्टीचा हिवाळा असाच. पहाटे जरा गारवा, दुपारी पारा तिशीच्या वर. देशभर थंडीच्या बातम्या चालू असतात आणि सर्वात जास्त तापमानाच्या यादीत रत्नागिरीचं नाव झळकत असतं. अशा मुलखात, भर दुपारी, एका धडधाकट मासेमाराला थंडीने बोलता येईनासं होतं, हे कसं? लोकांना सांगितलं की ते हसतात. "कोकणात कसली रे थंडी?" म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी जागेबद्दल. घळ हा शब्द शिवथरघळीमुळे सगळ्यांच्या ओळखीचा आहे, पण ती कपार झाली. बोलीत दोन कड्यांमधल्या चिंचोळ्या खाचेलाही घळ म्हणतात. त्यातून पाणी वाहत असेल तर कुणी पऱ्या म्हणतं, कुणी व्हाळ, आणि पाणी जिथे खोल साचतं तो कोंड किंवा डोह. कोरडी असेल आणि घाटावरून कोकणात उतरता येत असेल तर तीच नाळ होते. बोराट्याची नाळ ट्रेकवाल्यांना ठाऊक असते. आम्ही उतरत होतो ती घळ सह्याद्रीच्या ऐन उतारावरची, पाण्याची, चार धबधब्यांची. नाव मुद्दाम देत नाही. एकदा नाव फुटलं की पुढच्या पावसाळ्यात तिथे वेफर्सची पाकिटं तरंगायला लागतात.

अशा घळीतून दोर लावून, पोहत, घसरत उतरण्याला युरोपात कॅन्यनिंग म्हणतात, अमेरिकेत कॅन्यनिअरिंग. एदुआर-आल्फ्रेद मार्तेल या फ्रेंच माणसाने १९०५ साली फ्रान्समधली व्हर्दोंची खोल दरी तळातून पार केली, तिथून या प्रकाराची गोष्ट सांगायला सुरुवात होते. खेकड्यांमागे पऱ्याने वर चढत जाणारी आपली पोरं त्या गोष्टीत येत नाहीत, ते असो. अमेरिकेत युटा आणि ॲरिझोनात वालुकाश्मात कापलेल्या अरुंद घळी आहेत, दोन्ही हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील इतक्या अरुंद. बाहेर वाळवंटात चाळीस अंश आणि आतल्या खड्ड्यांतल्या पाण्याला ऊन कधी शिवतच नाही. म्हणून तिथली माणसं भर उन्हाळ्यात जाड रबरी सूट घालून आत शिरतात. आपली घळ काळ्या कातळातली. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला. त्यात काही थर कठीण, काही ठिसूळ. पाण्याने उभ्या भेगा धरल्या, ठिसूळ थर आधी झिजले, आणि जिना तयार झाला: धबधबा, डोह, थोडी सपाटी, पुन्हा धबधबा. डोहात अडकलेला गोटा पाण्याबरोबर गरगर फिरत राहतो आणि कातळात रांजण कोरतो. निघोजला कुकडीच्या पात्रात हे रांजणखळगे बघायला लोक मुद्दाम जातात. घळीत ते पायाखाली असतात, दिसत नाहीत, आणि गुडघाभर पाण्यात चालता चालता माणूस एकाएकी छातीभर पाण्यात जातो.

दगड वेगळा, देश वेगळा, पण थंडीचं गणित तेच.

मी पुतण्याच्या माशांच्या टाकीतला थर्मामीटर सोबत नेला होता. दुसऱ्या डोहात धरला तर वीस अंश. वीस आकडा ऐकायला काहीच नाही. एसी विसावर लावला तर आपण पातळ चादर घेतो, एवढंच. इथेच सगळे फसतात. वीस अंशांची हवा आणि वीस अंशांचं पाणी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पाणी हवेच्या जवळपास चोवीस-पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेतं. शिवाय तेवढ्याच आकारमानाची हवा एका अंशाने तापवायला जितकी उष्णता लागते, त्याच्या सुमारे साडेतीन हजार पट पाण्याला लागते. अंगाला चिकटलेली हवा पटकन तापते आणि आपल्याला पांघरुणासारखी सांभाळते. पाणी तापतच नाही, नुसतं घेत राहतं. त्यात ते वाहतं असेल तर विचारायलाच नको. साचलेल्या पाण्यात निश्चल उभं राहिलं तर त्वचेलगत कोमट पाण्याचा एक पातळ थर तरी धरतो. धबधब्याखाली तो थर दर क्षणाला खरवडून नेला जातो.

दिगूचा सकाळचा युक्तिवाद असा होता: "मी पाण्यातच वाढलोय. मला काय सांगता?" खोटं नव्हतं. पण तो वाढला ते समुद्राचं पाणी डिसेंबरातही सत्तावीस-अठ्ठावीस अंशांचं असतं. नुसतं शांत बसून राहिलेल्या माणसाला ना थंड ना गरम वाटेल असं पाणी साधारण तेहेतीस ते पस्तीस अंशांचं. म्हणजे समुद्रात त्याची तूट सहा-सात अंशांची, आणि तिथे तो जाळं ओढत असतो, अंग तापलेलं असतं. घळीत तूट तेरा-चौदा अंशांची, म्हणजे दुप्पट, आणि काम काय? उभं राहणं.

त्यात दिगू काटक. अंगावर चरबी नाही. मोठं पातेलं आणि वाटी एकदम चुलीवरून उतरवली तर वाटीतलं आधी गार होतं, तसंच सडपातळ माणसांचं आणि मुलांचं. आमच्यात सर्वात निवांत होता तो नंदू, ज्याच्या पोटावरून सकाळभर विनोद झाले होते.

पण पाण्यात असतानाची थंडी निदान कळते. न कळणारी थंडी पाण्यातून बाहेर आल्यावर लागते, आणि ती समजायला आपल्या घरातला माठ पुरे. माठाच्या अंगातून पाणी पाझरतं, वाऱ्याने उडतं, आणि उडताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. ओला सुती टी-शर्ट घातलेला माणूस म्हणजे चालता-बोलता माठ. धबधब्यापाशी वारा कायम असतोच, कारण कोसळणारं पाणी हवेलाही खाली ओढतं आणि ती हवा अरुंद घळीतून जोराने बाहेर पडते. बाहेर झाडाचं पान हलत नसेल तरी आत कपडे फडफडतात.

याचा ढोबळ हिशोब मी नंतर करून बघितला आणि चाट पडलो. साठ किलोच्या माणसाचं सगळं शरीर एका अंशाने गार व्हायला साधारण २१० किलोज्यूल उष्णता जावी लागते. सदतीस अंशांवरून पस्तीसवर यायला ४२० किलोज्यूल. आणि एक लिटर पाणी त्वचेवरून उडून जायला सुमारे २४०० किलोज्यूल लागतात. म्हणजे ती सगळी उष्णता अंगातूनच गेली असं धरलं, तर पावणेदोनशे मिलिलिटर, घरातला एक मोठा कप पाणी अंगावरून वाळलं की दोन अंश गेले. भिजलेला टी-शर्ट पिळून बघा, त्याहून जास्त निघेल. अर्थात शरीर गप्प बसत नाही. स्वस्थ बसलेला माणूस शंभर वॉटच्या जुन्या पिवळ्या बल्बइतकी उष्णता तयार करत असतो, तासाला ३६० किलोज्यूल, आणि वाळणाऱ्या कपड्याला थोडी उष्णता हवेतूनही मिळते. पण आमदनी तासाला ३६० आणि खर्च त्याहून मोठा, असा संसार किती वेळ चालेल?

लावणीच्या दिवसांत आपल्याकडची माणसं दिवसभर पावसात उभी असतात, त्यांना असं का होत नाही? लहानपणापासून बघितलेलं इरलं मला या हिशोबानंतर नव्याने दिसलं. पानांचं, पाठीवर होडीसारखं उलटं ठेवलेलं, अंगाला कुठेच न चिकटणारं. पाठ आणि छाती कोरडी, मधे हवेचा थर, वारा अडलेला, आणि खाली वाकून काम अखंड चालू. भिजतात ते हातपाय, आणि खाचरातलं पाणी तसं कोमटच असतं. धनगराच्या घोंगडीचीही तीच गंमत. लोकर भिजली तरी तिच्या धाग्यांत थोडी हवा शिल्लक राहते. सुती कापड भिजलं की हवा संपली, उरतं ते पोतेरं. जीन्स घालून घळीत उतरणाऱ्यांना मी हल्ली हात जोडतो.

रबरी सूट, म्हणजे वेटसूट, याच तत्त्वावर चालतो. तो पाणी अडवत नाही. थोडं आत घेतो आणि तिथेच कोंडतो. ते पाणी अंगाने एकदा तापलं की तेच आत राहतं. सुटाच्या रबरात वायूचे बारीक बुडबुडे असतात, ते उष्णता बाहेर जाऊ देत नाहीत. तारकर्लीला स्कूबावाले घालतात तोच. सैल असेल तर उपयोग शून्य, कारण आतलं पाणी सारखं बदलत राहतं. आमच्याकडे दोनच सूट होते, सुमेधाकडे आणि मकरंदकडे. दिगूने तिसरा मागून आणायला नकार दिला होता. "मासा दिसेन मी त्यात."

आता शरीर काय करतं ते बघू. त्वचा गार पडली की शरीर पहिल्यांदा कातडीचा आणि हातापायांचा रक्तपुरवठा आवळतं. घरात तंगी आली की आधी पाहुण्यांच्या खोलीतला दिवा बंद करतात, तसं. हृदय, मेंदू, पोटातले अवयव सांभाळायचे, बोटांचं नंतर बघू. याची पहिली खूण विनोदी असते: सगळ्यांना एकदम लघवीला लागते. हातापायांतलं रक्त मध्यभागी जमा झालं की शरीराला वाटतं पाणी फार झालं, आणि मूत्रपिंडं कामाला लागतात. आमच्यात मकरंदने आधी तोंड वाकडं केलं आणि सगळे हसले. ती हसण्यावारी नेण्याची गोष्ट नव्हती.

दुसरी खूण बोटं. नसांमधून संदेश हळू जातात, स्नायू आखडतात, पकड सुटते. माणूस तोवर आतून गार झालेलाही नसतो. मधलं, म्हणजे हृदय-मेंदूपाशी असतं ते, तापमान जेमतेम अर्धा अंश उतरलेलं असेल, पण बोटं दुसऱ्याची झालेली असतात. आणि घळीत सगळा जीव बोटांवर असतो. स्क्रू लावणं, गाठ मारणं, दोर धरणं. उंचीने जितकी माणसं घाबरतात, तितकी या गोष्टीने घाबरत नाहीत, हे मला उलटं वाटतं.

मग हुडहुडी. थरथरणं म्हणजे स्नायूंनी नुसतं जागच्या जागी जळणं. त्याने उष्णता चार-पाच पट वाढू शकते. पण चुलीत लाकडं असतील तोवरच. पोट रिकामं असेल, आदल्या रात्री जागरण झालं असेल, तर ही चूल लवकर विझते. सकाळी "तिकडे जाऊन खाऊ" म्हणत नुसत्या चहावर निघालेला कोण होता, हे सांगायला नको.

मधलं तापमान पस्तीसच्या खाली गेलं की वैद्यकीय भाषेत हायपोथर्मिया सुरू झाला. याच्या आसपास डोकं मंदावतं. माणूस अडखळतो, तोंडातल्या तोंडात बोलतो, वस्तू हातातून पडतात, आणि चिडतो. हे चिडणं फार महत्त्वाचं. एरवी मस्करी करणारा मित्र उगाच वसकन बोलला तर त्याला परत बोलू नये, हात लावून बघावं. बत्तीसच्या आसपास आणि त्याच्या खाली हुडहुडी कमी होत होत थांबते. बघणाऱ्याला वाटतं, चला, बरा झाला. तो बरा झालेला नसतो, चूल विझलेली असते. आणि या सगळ्यातली सर्वात वाईट गोष्ट अशी की ज्याला झालंय त्याला हे कळत नाही. कळणारा अवयवच गार पडत चाललेला असतो. दिगूला विचारलं असतं तर तो "मस्त आहे" म्हणाला असता. म्हणून सुमेधाने बरा आहेस का असं विचारलं नाही, नंबर विचारला.

तिला हे कसं सुचलं, असं मी नंतर विचारलं. म्हणाली, "आजीला थंडीतापात विचारायचे ना, आज वार कुठला?"

आता मूळ प्रश्न. पाणी तेच, वारा तोच, मग दिगूची बोटं तिसऱ्या धबधब्याच्या माथ्यावरच का गेली? कारण तिथपर्यंत आम्ही फार थांबलो होतो. पाच माणसं, दोर एक. एकेकाला अडकवणं, उतरवणं, सोडवणं, खालून इशारा, असं धरून माणशी आठ मिनिटं. एका पॅचला, म्हणजे दोराने उतरायच्या एका टप्प्याला, चाळीस मिनिटं. त्यातली स्वतःची हालचाल आठ मिनिटांची, उरलेली बत्तीस मिनिटं ओल्या कपड्यांत उभं राहायचं. जो आधी उतरतो तो खाली तुषारांत उभा, जो शेवटी उतरतो तो वर वाऱ्यात उभा. दिगू दोन्ही धबधब्यांना शेवटी होता, कारण "मला काय होतंय, तुम्ही व्हा पुढे." आणि तिसऱ्याच्या माथ्यावर तर उभं राहायची जागाच गुडघाभर पाण्यात.

चालणाऱ्या ट्रेकमध्ये माणूस थांबला की विश्रांती मिळते. घळीत थांबला की खर्च वाढतो. हे उमगलं की बाकीचे नियम पाठ करावे लागत नाहीत. गट लहान का, दोन दोर का, पुढच्या पॅचचा दोर आधीच्या दोघांनी लावायला का घ्यायचा, थांबायची जागा पाण्याबाहेर आणि तुषारांच्या आडोशाला का शोधायची, पहिला-शेवटचा क्रम का बदलायचा. पूर्वी एकदा मी पैसे भरून एका मोठ्या गटाबरोबर पावसाळी वॉटरफॉल रॅपलिंगला गेलो होतो. बेचाळीस माणसं, दोर एक. माझा नंबर सदतिसावा. फोटो छान आले. माझ्या पुढची एक मुलगी अडीच तास उभी राहून दोराला हात लावायच्या आधीच रडायला लागली आणि सगळे तिला "घाबरू नको गं" म्हणत होते. ती घाबरलेली नव्हती, हे मला आज कळतंय.

दोराबद्दल थोडंच सांगतो, कारण ते लेख वाचून शिकायचं काम नाही. कोरड्या कड्यावरून उतरताना दोराच्या टोकाला गाठ मारतात, म्हणजे माणूस टोकावरून निसटू नये. खाली खोल डोह असेल तर उलटं. टोक पाण्याला जेमतेम टेकेल इतकाच दोर सोडायचा, गाठ नाही, म्हणजे उतरणारा पाण्यात अलगद सुटून पोहत बाजूला होतो. गाठ असेल किंवा दोराचे वेढे पाण्यात तरंगत असतील तर तो तिथेच अडकतो, डोक्यावर धबधबा. दुसरं, दोर वर असा बांधायचा की उतरणारा मधेच अडकला तर वरच्याला तो ढिला सोडून त्याला खाली घेता यावं. केस किंवा कपडा उतरण्याच्या 'एट'मध्ये, म्हणजे दोर ओवायच्या इंग्रजी आठच्या आकाराच्या कडीत, अडकला, हात गारठले, आणि पाण्याचा लोंढा थेट तोंडावर, अशा वेळी मिनिटंच हातात असतात. आणि तिसरं, शिट्टी. धबधब्यापाशी ओरडलेलं दोन हातांवर ऐकू येत नाही. किती शिट्ट्यांचा काय अर्थ हे घरून निघतानाच ठरवायचं. उडी मात्र मारू नये. डोह गेल्या वर्षी खोल होता म्हणून यंदा असेल असं नाही. एका पावसाळ्यात त्यात म्हशीएवढा धोंडा येऊन बसतो.

राहता राहिलं पाणी वाढणं. चिपळूणकरांना २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर पाणी कसं चढतं हे कुणी समजावायला नको, पण घळीत ते याहून वेगळ्या गतीने चढतं. वरच्या बाजूला फक्त एक चौरस किलोमीटर डोंगराचं पाणी एका घळीत उतरतं असं धरा. तासाभरात पन्नास मिलिमीटर पाऊस पडला तर पाणी झालं पाच कोटी लिटर, दहा हजार लिटरचे पाच हजार टँकर. त्यातलं निम्मंच तासाभरात वाहून आलं तरी सेकंदाला सात हजार लिटर. घळ दोन मीटर रुंद आणि पाण्याचा वेग सेकंदाला तीन मीटर असेल, तर पाण्याची उंची सव्वा मीटरच्या जवळ, म्हणजे कमरेच्या वर. त्या वेगाला गुडघाभर पाण्यातही माणूस उभा राहत नाही. आणि हा पाऊस तुमच्या डोक्यावर पडायलाच हवा असं नाही. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनातल्या अँटेलोप कॅन्यनमध्ये अकरा पर्यटक वाहून गेले, पाऊस पडला होता दूर वरच्या अंगाला. २७ जुलै १९९९ रोजी स्वित्झर्लंडच्या साक्सेटबाख ओढ्यात एकवीस जण गेले, त्यांत वाटाडेही होते. आपल्याकडे लोणावळ्याला भुशी धरणाजवळ ३० जून २०२४ रोजी एका कुटुंबाचे पाच जण गेले ते पाहता पाहता, काठावरच्या लोकांच्या डोळ्यांदेखत.

म्हणून पावसाळ्यात घळीत शिरायचंच नाही, या मताचा मी आहे. इथे माझं मित्रांशी पटत नाही, न पटो. पाऊस उघडल्यावरही वर आभाळ भरलेलं असेल तर नाही. पाणी गढुळलं, काटक्या-पाचोळा वाहून यायला लागला, आवाजाचा सूर बदलला, की हातातलं सामान टाकून आधी वर चढायचं. आणि वर धरण किंवा वीजघर आहे का हे विचारायचं. कोयनेचं पाणी पोफळीच्या वीजघरातून वाशिष्ठीत येतं, भिऱ्याच्या वीजघराने सोडलेल्या पाण्यावर कोलाडचं राफ्टिंग चालतं. त्या नद्यांना पाऊस लागत नाही, बटण पुरतं.

आम्ही सकाळी खालच्या वाडीत विचारलं होतं. पडवीत कोयती घासत बसलेल्या एका काकांनी आमच्या दोराकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, "तिसऱ्या धबधब्याच्या डोक्यावर डाव्या अंगाला उंबर आहे. तिथनं गुरांची वाट बाहेर येते. लागली तर असू दे लक्षात." कुठल्याही नकाशात ती वाट नाही.

ती लागली. सुमेधाने दोर गुंडाळायला सांगितला, चौथा-बिवथा काही नाही. दिगूचा ओला टी-शर्ट काढला, नंदूच्या पिशवीतला कोरडा स्वेटर घातला, वरून प्लास्टिकचा कागद गुंडाळला वाऱ्यासाठी. कानटोपी घातली. खाली बसवताना दोराची पिशवी बुडाखाली दिली, कारण ओला कातळही पाण्यासारखाच उष्णता ओढतो. मकरंद त्याचे हातपाय जोरजोरात चोळायला निघाला होता, त्याला थांबवलं. चोळण्याने कातडीला इजा होते, आणि माणूस फार गार पडलेला असेल तर त्याला धसमुसळेपणाने हाताळणं हृदयालाही सोसत नाही. काखेत आणि छातीशी ऊब द्यायची, हातापायांची घाई करायची नाही. कुणीतरी "ब्रँडी असती तर" म्हणालंच. दारूने ऊब आल्यासारखी वाटते ती आवळलेल्या रक्तवाहिन्या पुन्हा सैल पडतात म्हणून. उरलीसुरली उष्णता कातडीवाटे बाहेर जाते. त्याऐवजी गूळ-शेंगदाणे दिले, तो नीट गिळतोय हे बघून. थर्मासमध्ये कोरा चहा होता, साखर भरपूर. अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात मात्र काही ओतू नये. तो तसा असता तर आडवा ठेवून, गुंडाळून, मदत बोलवावी लागली असती.

पाच-सात मिनिटांत त्याला हुडहुडी भरली, दात वाजेपर्यंत. आम्हाला बरं वाटलं. लाकडं पेटली होती.

उंबरापासून वर वीस मिनिटं चढ. चढताना त्याला आमच्या दोघांच्या मधे ठेवला. वर आलो आणि एकदम उन्हात. कातळाचा सडा, म्हणजे उघडं सपाट पठार, वाळलेलं पिवळं गवत, लांब पश्चिमेला धुरकट उजेडाची एक पट्टी, तिथे समुद्र असणार. थर्मामीटर उन्हात नको म्हणून दगडाच्या सावलीत ठेवला, तर एकतीस. दोनशे-अडीचशे फूट खाली वीस. दिगू तापलेल्या कातळावर पालथा पडला, गालसुद्धा दगडाला टेकवून, पाल पडते तसा. आम्ही घामाघूम आणि तो म्हणतोय, "अजून थोडं थांबू."

वाडीत परतलो तेव्हा काकूंनी न विचारता उकड्या तांदळाची पेज पुढे केली, मीठ घातलेली, वाफाळती, सोबत लोणच्याची फोड. दिगूने दोन वाडगे संपवले आणि मग हार्नेसचा तो कॅराबिनर हातात घेऊन बसला. स्क्रू फिरवला, उघडला, पुन्हा फिरवला. फिरत होता. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. अंगठ्याला अजून मुंग्या येतायत म्हणाला, आणि आईला फोन लावायला मोबाइल मागितला.